लेक सुपीरिअरकाठी नऊ दिवस तंबूत: आई आणि मुलांना घेऊन जायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ दिवसांची सुट्टी, शनिवारी निघून पुढच्या रविवारी परत. घर डेट्रॉइटजवळ नोव्हायला, मिनीव्हॅन स्वतःची. मुलं सहा आणि दहा वर्षांची. साताऱ्याहून आलेल्या आई सोबत, वय ६६, गुडघे दुखरे. सगळे शाकाहारी. तंबू अजून घेतलेला नाही. लेक सुपीरिअरला पूर्ण प्रदक्षिणा घालायची, रोज रात्री नव्या पार्कात उतरायचं, वाटेतली छोटी गावं बघायची. जमेल का, आणि काय सामान घ्यावं?

प्रदक्षिणा या खेपेला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तळ्याभोवतीचा रस्ता सुमारे १,३०० मैल, त्यात नोव्हायहून जाण्यायेण्याचं अंतर धरलं की आकडा दोन हजारांच्या घरात जातो. शिवाय त्यातला सुमारे एक तृतीयांश रस्ता कॅनडातून. भारतीय पासपोर्टवर आलेल्या आईंना अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा काढावा लागेल, आणि तुमच्यापैकी ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा अमेरिकेचं नागरिकत्व नाही त्यांनाही. परत येताना अमेरिकेचा व्हिसा चालू आहे का, तो एकाच प्रवेशाचा आहे का, हेही बघावं लागतं. तंबूची पहिलीच सहल असताना हा ताप कशाला?

पण खरी अडचण मैलांची नाही, मुक्काम बदलण्याची आहे. पाच माणसांचा संसार गुंडाळायला सवय नसताना दोन तास लागतात: झोपायच्या पिशव्या दाबून भरायच्या, गाद्यांमधली हवा काढायची, ओला तंबू पुसायचा, चूल गार होऊ द्यायची, भांडी घासायची, गाडीत रचायचं. पुढच्या जागी पुन्हा दीड तास. मिशिगनच्या स्टेट पार्कात जागा दुपारी एकपर्यंत सोडायची आणि नवी तीननंतर मिळते. म्हणजे मुक्काम बदलायचा दिवस बघण्याच्या दृष्टीने जवळपास गेलाच. आठ रात्री आठ ठिकाणी राहिलात तर रोजच विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आणि मुलं चौथ्या दिवशी किरकिर करायला लागतील. कुटुंबांना सहल आखून देताना मी आधी तंबू किती वेळा उभारायचा ते ठरवतो, मग नकाशा उघडतो. नऊ दिवसांना तीन वेळा, त्यापेक्षा जास्त नाही.

म्हणून मी तळ्याचा दक्षिण किनारा सुचवतो, म्हणजे मिशिगनचा अप्पर पेनिन्सुला. टाक्वामेनॉन धबधब्यांच्या स्टेट पार्कात दोन रात्री, म्युनिसिंगला तीन, कॉपर हार्बरला दोन, आणि परतीच्या वाटेवर सेंट इग्नसला मोटेलमध्ये एक. इकडचं तिकडचं फिरणं धरून दीड हजार मैलांच्या आसपास होतील, पण मधले चार दिवस गाडीत सामान न भरता मिळतील.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. आईंना रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल किंवा जमिनीलगत बसता-उठताना आधार लागत असेल, तर त्यांच्यापुरती केबिन मिळते का ते आधी बघा. काही स्टेट पार्कांत छोट्या लाकडी केबिन असतात, आत बंक, वीज आणि दाराला कडी. तंबू शेजारच्या जागेत लावता आला तर सगळ्यांची सोय होते. केबिन थोड्या आहेत आणि लवकर जातात. भाड्याच्या आरव्हीचा (आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीचा) विचार पहिल्या सहलीला करू नका. पैसे बरेच जातात, शिकण्यात एक दिवस जातो आणि छोट्या गावात ती लावायला जागा शोधत बसावं लागतं.

तुम्ही फेब्रुवारीच्या सुरुवातीला विचारताय हे फार बरं झालं, कारण मिशिगनच्या स्टेट पार्कांचं आरक्षण बरोबर सहा महिने आधी खुलं होतं. ऑगस्टमधला शनिवार पकडायचा तर आरक्षण खुलं होतं त्याच सकाळी आठला लॉगिन करून बसा. जागेचे पर्यायी नंबर आधीच लिहून ठेवा, नकाशा बघत बसलात की जागा जाते. नाही मिळाली तरी नाद सोडू नका. तारखा जवळ येतात तशी लोक आरक्षणं रद्द करतात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा बघत राहिलं की बहुतेकदा काहीतरी हाती लागतं.

जागा निवडताना स्वच्छतागृहापासून दोन-तीन जागा सोडून घ्या. आईंना रात्री चालायला ते अंतर सोपं पडतं, आणि अगदी लगतच्या जागेवर रात्रभर दिवा आणि दाराची आपटाआपट असते. तिन्ही ठिकाणी विजेची जागा घ्या. विजेचा उपयोग पुढे स्वयंपाकात सांगतो.

प्रवेशाचं शुल्क तीन ठिकाणी तीन प्रकारचं आहे. मिशिगनच्या नंबर प्लेटची नोंदणी करताना रिक्रिएशन पासपोर्ट घेतला असेल तर प्लेटवरच्या स्टिकरवर ‘पी’ असतो, तोच सगळ्या स्टेट पार्कांना चालतो. तंबूच्या जागेचे पैसे वेगळे. पिक्चर्ड रॉक्स हा म्युनिसिंगजवळचा रंगीत कड्यांचा संरक्षित किनारा केंद्र सरकारचा, तिथे तो चालत नाही, गाडीमागे वेगळं शुल्क आहे. वर्षाचा नॅशनल पार्क पास असेल तर तो बरोबर ठेवा. अप्पर पेनिन्सुलाकडे नेणाऱ्या मॅकिनॉ पुलाचा टोल साध्या गाडीला एका बाजूला चार डॉलर.

पहिल्या दिवशी सकाळी सातला निघा. पुलापर्यंत साडेचार तास, पुढे टाक्वामेनॉनपर्यंत आणखी दीड. जेवण आणि थांबे धरून चारच्या आसपास पोचाल, उजेड नऊनंतरही असतो, म्हणजे पहिल्यांदा तंबू लावायला घाई होणार नाही. लोअर फॉल्सचं कॅम्पग्राउंड घ्या. नदीच्या मुखाजवळ दुसरं आहे, पण ते धबधब्यांपासून बरंच लांब पडतं.

टाक्वामेनॉनचं पाणी काळ्या चहाच्या रंगाचं आहे आणि खाली पांढरा फेस तरंगतो. मुलांना आधीच सांगून ठेवा की ही घाण नाही. वरच्या दलदलीतल्या सीडर झाडांतून टॅनिन उतरतं त्याचा हा रंग. अप्पर फॉल्स सुमारे २०० फूट रुंद आणि ५० फुटांच्या आसपास उंच. वाहनतळापासून धबधब्यासमोरच्या कठड्यापर्यंत फरसबंदीची सपाट वाट आहे, आईंना तिथून पूर्ण धबधबा दिसतो. अगदी काठावर उतरायला शंभराच्या आसपास लाकडी पायऱ्या आहेत. त्या मुलांसाठी, आईंनी वरच थांबावं. लोअर फॉल्सच्या मधल्या बेटावर जायला पूर्वी वल्ह्याची होडीच घ्यावी लागे, २०२२ पासून पूल आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हाइटफिश पॉइंटला जा, पॅराडाइज गावातून उत्तरेला रस्ता संपेपर्यंत. १० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झगेराल्ड हे लोहखनिज नेणारं जहाज या टोकापासून साधारण सतरा मैलांवर वादळात बुडालं, २९ जण गेले, एकही वाचला नाही. जहाजाची घंटा नंतर वर काढली, ती इथल्या संग्रहालयात आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे नीट समजावून सांगा. हे तळं म्हणजे मोठा तलाव नाही, समुद्राच्या तोडीचं पाणी आहे, हे त्याला इथे कळेल आणि पुढचे सहा दिवस पाण्याकाठी तो तुमचं ऐकेल.

सोमवारी म्युनिसिंगला जाताना सरळ रस्ता धरू नका. न्यूबेरी, सीनी करून ग्रँड मरेला वर जा आणि तिथून एच-५८ या रस्त्याने पिक्चर्ड रॉक्सच्या आतून म्युनिसिंगला उतरा. न थांबता तीन तास, थांबत गेलात तर पूर्ण दिवस, आणि हाच दिवस या सहलीचा गाभा आहे. २०१० पासून एच-५८ पूर्ण डांबरी आहे, पण वळणं भरपूर, त्यामुळे गाडी लागणाऱ्या मुलाला मधल्या रांगेत बसवा. पेट्रोल न्यूबेरीला भरून घ्या. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, हा नियम पुलापलीकडे सगळीकडे पाळा.

ग्रँड मरे हे एका रस्त्याचं गाव, खाडीच्या काठाला. इथल्या किनाऱ्यावर अ‍ॅगेट नावाचे पट्ट्यापट्ट्यांचे दगड सापडतात, मुलं तासभर रमतील. नियम मात्र लक्षात ठेवा: पिक्चर्ड रॉक्सच्या हद्दीत एकही दगड उचलायला मनाई आहे. बाहेर राज्याच्या जमिनीवर माणशी वर्षाला २५ पौंडांची मर्यादा आहे. हद्द कुठे सुरू होते ते पाटीवर बघून मगच पिशवी उघडा.

पुढे लॉग स्लाइड लागेल, पाण्यावर उभा असलेला सुमारे ३०० फुटांचा वाळूचा उतार. खाली पळत जायला काही मिनिटं, वर यायला तासभर आणि जास्तही. वाळू पायाखालून सरकते, चार पावलं चढलं की दोन खाली येतो. दुपारच्या उन्हात पाणी न घेता उतरलेली धडधाकट माणसं तिथे अडकतात. वरून बघा, पुरे. त्यापुढे हरिकेन रिव्हरपासून ओ सेबल दीपगृहापर्यंत दीड मैलाची सपाट वाट आहे आणि काठाला फुटलेल्या जहाजांच्या लाकडी फासळ्या वाळूत दिसतात. जाऊन येऊन तीन मैल, सहा वर्षांचं मूल खाऊच्या जोरावर करतं. आईंनी तोवर हरिकेन रिव्हरच्या बाकावर बसावं.

पिक्चर्ड रॉक्सच्या आत एच-५८ लगत स्वतःची कॅम्पग्राउंडं आहेत: ट्वेल्व्हमाइल बीच, हरिकेन रिव्हर, लिटल बीव्हर लेक. जागा अप्रतिम. पण वीज नाही, आंघोळीची सोय नाही, संडास बिनपाण्याचे. लिटल बीव्हरला तर जागा आठच. तुम्ही दोघंच असता तर मी डोळे झाकून ट्वेल्व्हमाइल सांगितलं असतं. आई आणि मुलांसह तीन रात्रींसाठी म्युनिसिंगच्या पश्चिमेला गावाचंच कॅम्पग्राउंड आहे ते घ्या. पाण्याच्या काठाला आहे, गरम पाण्याची आंघोळ आहे, दूध-भाजी पाच मिनिटांवर.

म्युनिसिंगच्या दोन पूर्ण दिवसांत, मंगळवार-बुधवारी, दोन गोष्टी घट्ट ठरवा, बाकी हवेवर सोडा. पहिली, कड्यांची बोट. कडे जवळपास पंधरा मैल पसरलेत, कुठे कुठे २०० फुटांपर्यंत, आणि त्यांवरचे रंग दगडातून झिरपणाऱ्या पाण्यातल्या खनिजांचे: तांबडा-नारिंगी लोखंडाचा, हिरवा-निळा तांब्याचा, तपकिरी-काळा मँगनीजचा. कड्यांची तोंडं वायव्येला, त्यामुळे सकाळी ते सावलीत असतात आणि दुपार उतरली की उजळतात. म्हणून दुपारची उशिराची फेरी घ्या. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा मंगळवारचं तिकीट काढा म्हणजे बुधवार हाताशी राहतो. वर उघड्यावर ऑगस्टमध्येही जाकीट लागतं.

दुसरी, मायनर्स कॅसल हा कड्यावरचा खडक. पहिल्या सज्जापर्यंत फरसबंदी वाट, आईंना सहज जमते. खडकाला पूर्वी दोन सुळके होते, त्यांतला एक एप्रिल २००६ मध्ये कोसळला, म्हणजे हा दगड किती ठिसूळ आहे बघा. कठड्यापलीकडे मुलांना पाऊल टाकू देऊ नका, माथ्यावरची हिरवळ घट्ट वाटते पण खाली पोकळ असू शकते. वाहनतळ सकाळी दहानंतर भरतो, तेव्हा साडेआठला पोचा. आणि भाड्याने मिळणाऱ्या छोट्या कयाकमधून कड्यांखाली जाण्याचा मोह टाळा. पार्कवाले तिथे सोळा फुटांची, वर झाकण असलेली समुद्री कयाक सांगतात. कड्यांवर आपटून परतणाऱ्या लाटा छोटी होडी उलटवतात आणि वर चढायला मैलोन्‌मैल किनारा नाही.

आता माशी. ही गोष्ट अनेकांना तिथे गेल्यावरच कळते. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेचा वारा सुटला की किनाऱ्यावर स्टेबल फ्लाय नावाची माशी गोळा होते. दिसायला घरमाशीसारखी, पण ती घोट्यालाच चावते, मोज्यातूनही चावते, आणि डासांच्या औषधाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. दहा मिनिटांत मुलं रडकुंडीला येतात. उपाय एकच, वाऱ्याचा अंदाज रोज सकाळी बघायचा. उत्तर किंवा वायव्येचा वारा असेल तो दिवस किनाऱ्याचा. दक्षिणेचा असेल तो दिवस धबधब्यांचा, बोटीचा, गावाचा. जाड मोजे आणि लांब पँट तरीही बरोबर ठेवा.

गुरुवारी म्युनिसिंगहून कॉपर हार्बर, साधारण १९० मैल, चार तास. वाटेत मार्क्वेटला मोठा बाजार करा, ही या भागातली सगळ्यात मोठी वस्ती. भारतीय किराणा कुठेही मिळेल असं धरू नका. डाळी, पोहे, मसाले, तूप नोव्हायहूनच घ्या. होटनला उचलपूल ओलांडून किविनॉ द्वीपकल्पात शिरलात की रस्त्याला जुन्या तांब्याच्या खाणींची गावं लागतात. त्या खाणकामगारांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आणलेली पेस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजी, इथे अजून घरोघर होते. आत सहसा गोमांस आणि बटाटा असतो. भाजीची पेस्टी बऱ्याच दुकानांत मिळते, पण पापुद्र्यात प्राण्याची चरबी आहे का ते विचारून घ्या, लोक खरं सांगतात.

तिथला तंबू कॉपर हार्बरला लागून असलेल्या फोर्ट विल्किन्स स्टेट पार्कात. १८४४ चा लाकडी किल्ला आणि मागे लेक फॅनी हू हे छोटं तळं. मुलांना पोहायचं असेल तर या तळ्यात, कारण सुपीरिअरच्या मानाने याचं पाणी कोमट असतं. सुपीरिअरमध्ये ऑगस्टमध्येसुद्धा खोल पाण्यात गेल्यावर हातपाय काही मिनिटांत बधिर होतात. लाइफ जाकिटं घरूनच न्या, मुलांच्या मापाची. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाय भिजवण्यापलीकडे जायचं नाही. इथला ब्रॉकवे माउंटन ड्राइव्ह आईंसाठी अगदी योग्य, गाडी थेट माथ्यावर जाते आणि तळ्याचा मोठा पट्टा खाली दिसतो. रात्री आकाश इतकं काळं असतं की आकाशगंगा सहज दिसते, आणि तुमच्या तारखा १२-१३ ऑगस्टच्या जवळ असतील तर पर्सीड उल्काही.

सामानाकडे वळतो. ‘सहा माणसांचा तंबू’ म्हणजे सहा गाद्या कडेला कडा लावून मावतात, सामान नाही. चौघांसाठी सहाचा घ्या. आईंसाठी वेगळा चारचा, उभं राहता येईल असा आणि उभ्या भिंतींचा, कारण त्यांना जमिनीवर झोपवायचं नाही. सोळा ते अठरा इंच उंचीची घडीची खाट घ्या, म्हणजे पलंगासारखं पाय खाली सोडून उठता येतं. खाटेच्या पायांखाली लाकडाचे तुकडे किंवा रबरी चकत्या ठेवा, नाहीतर तंबूच्या तळाला भोकं पडतात. आणि खाटेवर फोमची गादी हवीच. खालून हवा खेळते आणि पाठ गारठते, वर दोन रजया घेतल्या तरी.

गारठ्याचं हे गणित बहुतेकांचं चुकतं. तिथे ऑगस्टच्या रात्री पन्नाशीत फॅरनहाइट, कधी चाळिशीतही उतरतात. स्वस्त फुगवायच्या उंच गादीतली हवा रात्रभर गार होत जाते आणि अंगाची ऊब ओढून घेते. गादीचं ‘आर’ मूल्य, म्हणजे गारठा अडवण्याची क्षमता, तीन किंवा जास्त बघा. पिशवीवर ३० अंश लिहिलं असेल तर ते कम्फर्टचं, म्हणजे आरामात झोप लागण्याचं, तापमान आहे की लिमिटचं, म्हणजे जेमतेम निभावण्याचं, ते वाचा. ३० ते ३५ कम्फर्टची पिशवी पाचही जणांना पुरेल. तंबूत गॅसचा हिटर, शेगडी, कोळसा काहीही पेटवायचं नाही, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तंबूवरचं पावसाचं कापड जमिनीच्या जवळ येणारं घ्या, नुसती टोपी नको. खालचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा दोन इंच लहान ठेवा, कडा बाहेर डोकावली की ती पन्हाळीसारखं पाणी गोळा करून आत नेते. तंबूसोबत येणारे बारीक खुंटे तिथल्या वाळूत धरत नाहीत. दहा-बारा इंची जाड खुंटे वीस घ्या आणि वाऱ्याच्या दोऱ्या पहिल्याच संध्याकाळी ताणा. तळ्याचा वारा रात्री दोनला उठतो. दहा बाय बारा फुटांची ताडपत्री जेवायच्या टेबलावर बांधा, वाऱ्याकडची बाजू खाली, म्हणजे पावसातही चहा होतो. आणि जुलैमध्ये एका रविवारी सगळं अंगणात उभारून त्यावर पाइपने पाणी मारा. शिवण गळते का, कुठला खांब कुठे जातो, हे तिथे अंधारात शिकण्याची गोष्ट नाही.

स्वयंपाकाला दोन बर्नरची प्रोपेन शेगडी. एक पौंडाच्या बाटलीवर १०,००० बीटीयूचा एक बर्नर पूर्ण आचेवर साधारण दोन तास चालतो, दोन्ही लावले तर तास. पाच माणसांच्या तीन वेळच्या खाण्याला दीड दिवसाला एक बाटली धरा, सहा घ्या. पाच लिटरचा कुकर चालतो, फक्त शेगडीच्या वारा अडवणाऱ्या पत्र्यांमध्ये तो बसतो का ते घरी बघा. विजेच्या जागेवर इलेक्ट्रिक कुकर आणि किटलीने गॅस वाचतो, पण एकाच वेळी नाही: १,००० वॉटचा कुकर आणि १,५०० वॉटची किटली मिळून २१ अँपियर होतात आणि २० अँपियरचा ब्रेकर पडतो. बाहेर वापरायची जाड, ५० फुटी वायर न्या, कारण विजेचा खांब तंबूपासून लांब असतो.

रात्री दहा ते सकाळी आठ शांततेची वेळ. सकाळी सहाला कुकरची शिट्टी म्हणजे शेजाऱ्यांना जाग. तेव्हा न्याहारी शिट्टीविना: उपम्याचा रवा घरीच फोडणीत भाजून पिशव्या भरा, एका वाटीला अडीच वाट्या उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण. पोहे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी ही प्रवासाची कुमक. पहिल्या दोन दिवसांना दशम्या आणि मेथीचे पराठे. रात्रीला खिचडी, दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, आठ वाट्या पाणी, कोणी तक्रार करत नाही.

बर्फाच्या पेट्या दोन न्या. एक पाण्या-सरबताची, सतत उघडणारी. दुसरी दूध, दही, पनीरची, दिवसातून चारदाच उघडायची. आदल्या रात्री बर्फ घालून पेटी गार करा, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या तळाशी ठेवा, नंतर सुटे तुकडे न घेता ठोकळा बर्फ घ्या, तो दुप्पट टिकतो.

अस्वलं आहेत, काळी. माणसाला टाळतात, वासाला येतात. जेवण झालं की पेट्या, शेगडी, तेल, टूथपेस्ट, डोक्याचं खोबरेल, सगळं गाडीत आणि काचा बंद. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. भांड्यांचं पाणी झाडाखाली फेकू नका. गाळून शितं कचऱ्यात, पाणी ठरवून दिलेल्या जागी.

जळाऊ लाकूड घरून नेऊ नका. अ‍ॅश झाडं मारणारा हिरवा किडा अमेरिकेत पहिल्यांदा २००२ मध्ये सापडला तो डेट्रॉइटच्याच परिसरात, आणि लाकडाच्या मोळ्यांतून तो दूरदूर पसरला. तिथलंच, शक्यतो उष्णताप्रक्रिया केलेलं लाकूड विकत घ्या.

फोनला पॅराडाइजपासून ग्रँड मरे, एच-५८ आणि कॉपर हार्बरच्या आसपास फारशी रेंज नसते. नकाशे, आरक्षणाच्या पावत्या, आईंच्या औषधांची यादी आणि विम्याचा कागद फोनमध्ये उतरवून घ्या, कागदी नकाशाही ठेवा. मोठं रुग्णालय मार्क्वेटला, न्यूबेरी आणि म्युनिसिंगला छोटी. आईंचा पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) बरोबर हवाच. संध्याकाळी सातनंतर महामार्गावर हरणं येतात आणि एक गेलं की मागून दुसरं येतं, म्हणून एक दिसलं की थांबल्यासारखंच व्हा. सगळे मुक्काम दिवसाउजेडी पोचायच्या हिशेबाने मांडलेत ते यासाठीच. छोट्या गावांत खानावळी आठ-नऊला चूल बंद करतात, तेव्हा मोटेलच्या रात्रीसुद्धा भाजणीची पिशवी जवळ असू द्या.

कॉपर हार्बरहून निघताना तंबू ओलाच गुंडाळावा लागला तर चिंता नको, वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत टाका. पण रविवारी घरी पोचल्यावर, बाकी सामान राहू दे, तंबू तेवढा त्याच रात्री गॅरेजमध्ये दोरीवर पसरा आणि शिवणी कोरड्या लागेपर्यंत, दोन दिवस तरी, तसाच राहू द्या. पिशवीत ओला राहिलेला तंबू आठवड्यात बुरसतो आणि आतला लेप सुटायला लागतो. मुलांच्या कानामागे, काखेत आणि गुडघ्यामागे गोचीड आहे का तेही त्या रात्री आंघोळीच्या वेळी बघा. सापडलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, आणि तारीख लिहून ठेवा.